एक शोध आणि अनेक कप्पे

घरांत हळद कोठें असावी, हा प्रश्न कोणत्याहि सुगृहिणीस कधीं पडत नाहीं. मिसळणाच्या डब्यांत हळद असते, ती रोजच्या आमटीभाजीची. देव्हाऱ्याजवळच्या करंड्यांत हळद असते, ती दारीं आलेल्या सवाष्णीसाठीं. फडताळांत कागदाच्या पुडींत थोडी निराळी ठेवलेली असते, ती बोट कापलें तर दाबून धरण्यास किंवा खोकल्यावर दुधांत घालून घेण्यास. लग्नघरीं तर ती वाट्यावाट्यांनीं भिजविली जाते, ती अंगाला लावण्याकरितां. पदार्थ एकच, पण त्याच्या जागा चार. घरच्या माणसांना याचा त्रास होत नाहीं, कारण कोणत्या कामाची हळद कोठें ठेवली आहे हें त्यांच्या हाताला ठाऊक असतें. परंतु नव्यानें आलेल्या पाहुण्याला कोणी 'हळद आणा' असें सांगितलें, आणि तो बिचारा केवळ देव्हाऱ्याजवळ पाहून, करंडा रिकामा दिसला म्हणून परत आला, तर तो काय सांगेल? 'घरांत हळद नाहीं' असें तो सांगेल. त्याचें सांगणें प्रामाणिक असेल, आणि तरीहि तें खोटें असेल.

असा एक पाहुणा जगांतील प्रत्येक पेटंट कचेरींत रोज बसलेला असतो. त्याला परीक्षक म्हणतात. 'ही गोष्ट पूर्वीं कोठेंच नव्हती' असा निर्वाळा देणें किंवा न देणें, हें त्याचें काम. आणि हा निर्वाळा खरा ठरेल कीं खोटा, हें पुष्कळ अंशीं त्यानें कोणता कप्पा उघडला यावर अवलंबून असतें.

पेटंट म्हणजे सरकार आणि शोधक यांच्यामधील एक करार होय. शोधकानें आपली युक्ति हातचें कांहीं राखून न ठेवतां लिहून द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यांत, ठराविक मुदतीपर्यंत त्याच्या परवानगीवांचून इतर कोणीं ती युक्ति वापरूं नये अशी मनाई सरकारनें करावी, असा हा सौदा आहे. भारतांत ही मुदत आज अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मुदत सरली कीं युक्ति सर्वांची होते. या करारांतली पहिली अट अशी कीं, युक्ति खरोखर नवी असली पाहिजे. लोकांना जें आधींच अवगत आहे, त्यावर एकट्यादुकट्याला मक्ता मिळूं लागला तर तो करार न राहतां लूट होईल. म्हणून अर्ज आला कीं परीक्षकानें पूर्वींचें लिखाण धुंडाळावयाचें असतें. लक्षावधि कागद एका माणसाला वाचतां येणार नाहींत; यासाठीं ते विषयवार लावून ठेवावे लागतात. एक कप्पा उघडला कीं त्या जातीचे सारे कागद त्यांत सांपडावे, एवढीच साधी अपेक्षा त्यामागें असते. परंतु पुष्कळसे शोध एका जातीचे नसतात, आणि अडचणीचें मूळ तेथेंच आहे.

याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. हिंदुस्थानांत शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा २८ फेब्रुवारी १८५६ रोजीं झाला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनीं, ३ मार्च रोजीं, कलकत्त्याच्या ग्रँट्स लेनमध्यें राहणाऱ्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग नांवाच्या एका इंजिनिअरानें सरकारकडे अर्ज केला. त्याचा शोध होता पंखा ओढण्याच्या कार्यक्षम यंत्राचा. त्या काळीं विजेचा पंखा नव्हता. छताला लांबच लांब कापडी झालर टांगलेली असे आणि तिची दोरी ओढीत एक माणूस तासन् तास बसलेला असे. त्या माणसाच्या हाताचें काम यंत्रानें करावें, ही डी पेनिंगची कल्पना. त्याच वर्षाच्या २ सप्टेंबर रोजीं त्यानें नकाशांसह आपलें सविस्तर वर्णन सादर केलें, तें मान्य झालें, आणि या देशांतील पहिला असा हक्क पंख्याच्या दोरीला बांधला गेला.

आतां हा कागद कोणत्या कप्प्यांत ठेवावा? एक कारकून म्हणेल, यंत्राचा हेतु दिवाणखान्यांत वारा खेळविण्याचा आहे. तेव्हां हा कागद वायुवीजनांत ठेवावा. दुसरा म्हणेल, हें यंत्र स्वतः वारा घालीत नाहीं, तें केवळ दोरी पुढें-मागें ओढतें. तेव्हां हा गति देणाऱ्या यंत्रांचा विषय आहे. तिसरा म्हणेल, हें घरगुती सामान आहे. तिघांचेंहि म्हणणें बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रश्न बिकट आहे. समजा, पुढें वीस वर्षांनीं एखाद्यानें पाळणा हलविण्याचें यंत्र काढलें. त्यांतहि दोरी पुढें-मागें ओढावयाचीच आहे. परीक्षकाला पंख्याच्या यंत्राचा कागद पाहावयास मिळाला, तर तो त्या अर्जदाराला विचारील, 'यांत नवें तें काय?' परंतु तो कागद वाऱ्याच्या कप्प्यांत पडून असेल, तर पाळण्याचा विचार करणारा परीक्षक तिकडे फिरकणारहि नाहीं. जुनी युक्ति नव्या नांवानें पुन्हा मक्ता मिळवून जाईल.

कागद नीट लावून ठेवण्याची गरज ज्या देशांना प्रथम भासली, त्यांत इंग्लंडचें नांव मोठें आहे. तेथें १८५२ सालापूर्वीं शोधांचीं वर्णनें लंडनमधील तीन निरनिराळ्या कचेऱ्यांच्या दप्तरांत विखुरलेलीं असत. एखादी गोष्ट जुनी कीं नवी हें पाहूं इच्छिणाऱ्या माणसानें तिन्ही दारांचे उंबरठे झिजवावे, आणि तरीहि हातीं कांहीं लागेल याची शाश्वती नसावी, अशी स्थिति होती. १८५२ सालीं नवा कायदा होऊन एकच पेटंट कचेरी स्थापन झाली, आणि तिचें दप्तर बेनेट वुडक्रॉफ्ट या गृहस्थाच्या हातीं आलें. हे पूर्वीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत यंत्रशास्त्राचे अध्यापक होते. १६१७ पासून १८५२ पर्यंतच्या १४,३५९ पेटंटांच्या त्यांनीं तीन सूची तयार केल्या: एक तारीखवार, दुसरी शोधकांच्या नांवांची, आणि तिसरी विषयवार.

पहिल्या दोन सूचींत कष्ट होते, पण संशय नव्हता. शोधाला जन्मतिथि एकच असते, आणि त्याच्या जनकाचें नांव अर्जावर लिहिलेलें असतें. परंतु विषय अर्जावर लिहिलेला असला, तरी तो एकच असतो असें नाहीं. तिसरी सूची करतांना दर कागदापाशीं थांबून विचार करावा लागतो कीं, उद्यां हा कागद कोणाला लागेल, आणि तो माणूस याला कोणत्या नांवानें हाक मारील? वर्गीकरणाचें सारें शास्त्र या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे.

अमेरिकेंत १८३६ च्या कायद्यानंतर पेटंटांचे २२ वर्ग पाडण्यांत आले. शेती, धातुशास्त्र, कापड, वाफेचीं यंत्रें, नौकानयन, चामडें, शस्त्रें, शस्त्रवैद्यक, पोशाख असा संसारांतला बहुतेक व्यवहार त्या यादींत होता. शेवटचा बाविसावा वर्ग मात्र 'संकीर्ण' या नांवाचा होता. प्रत्येक वर्गीकरणांत असा एक वर्ग असतो, आणि तो वर्गीकरण करणाराच्या प्रामाणिकपणाची साक्ष देतो; परंतु त्यांत गेलेला कागद शोधणें म्हणजे अडगळीच्या खोलींत किल्ली शोधण्यासारखें आहे. पुढें शोध वाढले तसे वर्गहि शेंकड्यांनीं वाढले. वॉशिंग्टनच्या कचेरींत परीक्षकांसाठीं हे कागद लांकडी खणांतून रचून ठेवलेले असत, आणि त्या खणांना तेथील बोलींत 'शू' म्हणजे जोडा असें म्हणत. पूर्वीं टॉमस जेफर्सन हे पेटंटांचे कागद जोड्यांच्या खोक्यांत ठेवीत असत, म्हणून हें नांव पडलें अशी एक आख्यायिका आहे.

या खणांच्या पद्धतींत अनेक जातींच्या शोधावर एक उपाय काढलेला होता. प्रत्येक पेटंटाला एक मूळ जागा द्यावयाची. आणि त्याचा संबंध आणखी ज्या ज्या विषयांशीं येतो, त्या त्या खणांत त्याची एकेक जास्तीची प्रत ठेवावयाची. पंख्याचें यंत्र वाऱ्याच्या खणांत राहील, पण त्याची एक प्रत दोरी ओढण्याच्या यंत्रांतहि राहील. उपाय चांगला होता. मात्र प्रत्येक प्रतीला कागद लागे, जागा लागे, आणि ती ठेवावी असें कोणाच्या तरी वेळीं ध्यानांत यावें लागे. खण भरून वर्ग मोडला, म्हणजे शेंकडों कागद पुन्हा हातांनीं उचलून नव्या खणांत लावावे लागत.

युरोपांत प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी होती. जर्मनीची पेटंट कचेरी १८७७ सालीं सुरू झाली, आणि तिनें आपल्या कागदांचे ८९ वर्ग केले. एका देशाचा कागद दुसऱ्या देशाच्या खणांत ठेवावयाचा म्हणजे पुन्हा मुळापासून विचार करावयाचा, अशी गत झाली. अखेर १९५४ सालीं युरोपांतील राष्ट्रांनीं एका समान वर्गीकरणाचा करार केला. त्याची पहिली आवृत्ति १ सप्टेंबर १९६८ पासून अंमलांत आली. आणि १९७१ सालीं स्ट्रासबूर्ग येथें झालेल्या करारानें त्याला जागतिक रूप दिलें. यालाच आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण म्हणतात. भारताच्या पेटंट कचेरींत प्रसिद्ध होणाऱ्या अर्जांवरहि याच वर्गीकरणाचीं चिन्हें असतात.

या वर्गीकरणाचे आठ मोठे विभाग आहेत: माणसाच्या नित्य गरजा; पदार्थांवरील क्रिया व वाहतूक; रसायन व धातु; कापड व कागद; बांधकाम; यंत्रें, प्रकाश, उष्णता व शस्त्रें; पदार्थविज्ञान; आणि वीज. या आठ फांद्यांना डहाळ्या फुटत फुटत आज ७०,००० हून अधिक पानें झालीं आहेत, आणि प्रत्येक पानाला अक्षरें व आंकडे मिळून झालेलें एक चिन्ह आहे. इतकी बारीक विभागणी झाल्यावर तरी एका शोधाला एकच कप्पा सांपडत असेल, असें श्रोत्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु अनुभव याच्या उलट आहे. कप्पे जितके बारीक, तितका एक शोध अधिक कप्प्यांना शिवतो.

असें कां होतें, हें झडपेच्या उदाहरणानें चांगलें समजतें. झडप म्हणजे पाणी, वाफ, हवा यांसारख्या वाहत्या पदार्थाला वाट देणारें आणि अडविणारें दार. हें दार पाण्याच्या नळांत आहे, मोटारीच्या इंजिनांत आहे, तिच्या चाकाच्या रबरी नळींत आहे, बँडवाल्याच्या कर्ण्यांत आहे, आणि माणसाच्या हृदयांतहि आहे. आतां झडपांचे वर्ग करावयाचे ते दोन रीतींनीं करतां येतात. एक रीति अशी कीं, झडप कोठेंहि असो, तिची रचना आणि तिचें काम पाहावयाचें; तशा सर्वसाधारण झडपांसाठीं 'एफ १६ के' नांवाचा एक स्वतंत्र उपवर्ग आहे. दुसरी रीति अशी कीं, ती कशाकरितां वापरावयाची तें पाहावयाचें. मग इंजिनाची झडप इंजिनाजवळ, टायरची झडप टायरजवळ, कर्ण्याची झडप वाद्यांजवळ, आणि रोग्याच्या हृदयांत बसवावयाची झडप वैद्यकांत, 'ए ६१ एफ २/२४' या ठिकाणीं जाते.

या दोहोंपैकीं कोणतीहि एक रीति पत्करून भागत नाहीं, म्हणून वर्गीकरणानें दोन्ही पत्करल्या आहेत. हृदयासाठींच जिची घडण केली आहे, ती झडप वैद्यकांत जाते. जिच्या युक्तीला पाणी आणि रक्त यांचें सोयरसुतक नाहीं, ती सर्वसाधारण झडपांत जाते. आणि एखाद्या शस्त्रवैद्यानें हृदयाच्या झडपेसाठीं अशी एखादी बिजागरी काढली असेल कीं जी कोणत्याहि नळाला उपयोगी पडावी, तर त्याच्या कागदाला दोन्ही जागा देणें हेंच योग्य. कारण उद्यां तो कागद शोधावयास वैद्य येईल तसाच नळकामाचा कारागीरहि येईल. आणि दोघांच्या वाटा निराळ्या आहेत.

याहून नवलाचें उदाहरण अमेरिकेंतील पर्सी स्पेन्सर या इंजिनिअराचें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ते रडारसाठीं लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नांवाच्या नळ्यांचें काम करीत होते. एकदां अशा चालू नळीपाशीं उभे असतां त्यांच्या खिशांतील खाऊची वडी वितळली, अशी गोष्ट सांगतात. ८ ऑक्टोबर १९४५ रोजीं त्यांनीं जो अर्ज केला, आणि ज्याला २४ जानेवारी १९५० रोजीं पेटंट मिळालें, त्याचें नांव होतें 'अन्नपदार्थांवर संस्कार करण्याची पद्धति'. शत्रूचीं विमानें हुडकण्याच्या विद्येंतून निघालेला हा शोध, आणि त्याचें नांव मुदपाकखान्यांतलें! आज घरोघरीं दिसणारी मायक्रोवेव्ह भट्टी ही त्याचीच संतति. अशा शोधाला आजच्या वर्गीकरणांत एक जागा विजेच्या उष्णतेंत आहे, दुसरी अन्न शिजविण्याच्या पद्धतींत आहे, तिसरी चुलींमध्यें आहे. यांतली कोणती जागा खरी आणि कोणत्या उसन्या, असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. स्वयंपाकाच्या नव्या पद्धतीचा अर्ज तपासणारा परीक्षक विजेच्या नळ्यांचे खण उघडील, ही आशा कोणीं धरूं नये. तो कागदच त्याच्या खणांत येऊन बसला पाहिजे.

येथें कोणी विचारील कीं, मग प्रत्येक कागद जेथें जेथें म्हणून त्याचा संबंध पोंचेल तेथें तेथें ठेवून कां देऊं नये? आतां तर कागदाचीहि गरज उरलेली नाहीं. संगणकांत एक चिन्ह अधिक लिहावयाचें एवढेंच काम. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर घरांतच मिळतें. पाहुण्याला सांपडावी म्हणून घरांतल्या प्रत्येक डब्यांत चिमूटभर हळद टाकून ठेवली, तर हळद सांपडेल खरी, पण साखर सांपडणार नाहीं. पंपाच्या नव्या दांड्याविषयींच्या अर्जांत ओघानें रबराच्या चकतीचा उल्लेख आला, म्हणून तो रबराच्या वर्गांत नेऊन ठेवला, तर रबराचा खरा शोध पाहणाऱ्या परीक्षकाला असे शेंकडों फुकाचे कागद चाळावे लागतील. आणि कंटाळलेल्या डोळ्यांसमोरून एक महत्त्वाचा कागद निसटून जाईल. कोठेंच न ठेवणें आणि सर्वत्र ठेवणें यांचा परिणाम शेवटीं एकच होतो.

म्हणून वर्गीकरणानें एक मर्यादा घालून दिली आहे. अर्जांत जें नवें म्हणून पुढें मांडलें आहे, त्याला लागू पडणाऱ्या सर्व जागा दिल्याच पाहिजेत. त्यांत हयगय चालत नाहीं. जें नवें नाहीं, परंतु शोधणाऱ्याला उपयोगी पडण्याजोगें आहे, त्याला जास्तीच्या जागा द्याव्या, पण त्या विवेकानें. आणि एकाच वर्गांतल्या दोनचार पोटजागा जेथें सारख्याच योग्य दिसतात, तेथें परीक्षकाच्या लहरीवर न सोडतां नियम ठरवून दिले आहेत. कांहीं वर्गांत, विशेषतः रसायनांत, यादींत जी जागा शेवटीं येते ती घ्यावयाची. कांहीं ठिकाणीं उलट, जी प्रथम येते ती घ्यावयाची. हे नियम वरवर पाहतां यांत्रिक वाटतात. परंतु टोकियोंतला परीक्षक आणि म्यूनिकमधला परीक्षक एकमेकांना न विचारतां एकाच जागीं जाऊन पोंचावेत, हा त्यांचा हेतु आहे.

जपानी लोकांनीं या प्रश्नाला आणखी एका बाजूनें हात घातला. एका विषयांतील कागदाकडे अनेक दृष्टींनीं पाहावयाचें, आणि द्रव्य कोणतें, हेतु कोणता, रचना कशी, क्रिया कोणती, अशा प्रत्येक दृष्टीची निराळी खूण त्यावर करावयाची, अशी त्यांची पद्धति आहे. युरोपीय आणि अमेरिकन कचेऱ्यांनीं १ जानेवारी २०१३ पासून एक संयुक्त वर्गीकरण चालू केलें. त्याच्या जागा सुमारें २,५०,००० आहेत. आठ विभागांच्या बाहेर त्यांनीं एक नववा विभागहि ठेवला आहे. हवामानाला होणारा अपाय कमी करणारे शोध इमारतींत असतात, वाहनांत असतात आणि विजेच्या कारखान्यांतहि असतात. ते आपआपल्या जागीं राहूनच या नवव्या विभागाची खूण अंगावर वागवितात. जुन्या खणांतील जास्तीच्या प्रतीचेंच हें नवें रूप होय.

संगणकाला शब्द सांगितला कीं तो क्षणांत सारे कागद पुढें टाकतो, मग कप्प्यांची यातायात कशाला, असेंहि कित्येकांना वाटतें. परंतु पेटंट लिहिणारे वकील साधा शब्द मुद्दाम टाळतात. आपला हक्क विस्तृत व्हावा म्हणून ते झडपेला झडप न म्हणतां 'प्रवाहनियंत्रक साधन' म्हणतील, आणि खुर्चीला 'आसनाधार' म्हणतील. शिवाय एक कागद जपानींत असतो, दुसरा जर्मनींत, तिसरा चिनींत. आणि डी पेनिंगच्या पंख्याचा अर्थ आजच्या पंख्याहून निराळा असतो. शब्द भाषेगणिक आणि पिढीगणिक बदलतात. 'एफ १६ के' ही खूण मात्र सर्व भाषांत तीच राहते. आज संगणक स्वतःच कप्पा सुचवूं लागले आहेत हें खरें. परंतु ते शिकतात तें माणसांनीं पूर्वीं केलेल्या मांडणीवरून, आणि म्हणून पूर्वींची चूकहि तितक्याच निष्ठेनें गिरवितात.

कप्पा नसल्यानें काय अनर्थ ओढवतो, याचें उदाहरण भारतीयांना चांगलें ठाऊक आहे. २८ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिलें. त्याचा विषय होता: जखम भरून येण्यासाठीं हळदीचा उपयोग. जी गोष्ट खेड्यांतल्या आजीबाईला अक्षरओळख नसतांना ठाऊक होती, ती नवी म्हणून नोंदली गेली. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ सालीं या पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली. परिषदेचे महासंचालक त्या वेळीं डॉ. रघुनाथ माशेलकर हे होते. गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेल्या आणि मुंबईंत शिकलेल्या या शास्त्रज्ञानें ही लढाई नेटानें चालविली. परिषदेनें ३२ आधार पुढें केले. त्यांत शंभर वर्षांहून जुने ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकांतील १९५३ सालचा एक लेखहि होता. १९९७ सालीं अमेरिकन कचेरीनें तें पेटंट रद्द ठरविलें.

या विजयाचा आनंद योग्यच होता. परंतु त्यांतला धडा विजयाहून मोठा आहे. हळदीचा गुण गुप्त नव्हता. तो ग्रंथांतून लिहिलेला होता, आणि घराघरांतून आचरणांत होता. तो नव्हता एवढाच कीं, जेथें परीक्षक शोधावयास जातो त्या ठिकाणीं. लढा देऊन एक पेटंट रद्द करवितां येतें. परंतु वेलीगणिक आणि मुळीगणिक असे लढे देत बसणें कोणत्याच देशाला परवडणारें नाहीं.

तेव्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांतील व्यवस्थाहि पाहण्यासारखी आहे. वनस्पतींपासून होणाऱ्या औषधांना त्यांत मिळून एकच जागा होती: 'ए ६१ के ३५/७८'. तुळस, अडुळसा, हिरडा, बेहडा, निंब, हळद, आणि जगांतल्या इतर साऱ्या औषधी वनस्पति त्या एका खणांत कोंबलेल्या होत्या. म्हणजे एकीकडे हळद मसाल्यांत, रंगांत आणि सौंदर्यप्रसाधनांत विखुरलेली. आणि जेथें ती औषध म्हणून यावयाची, तेथें मात्र तिला स्वतःचें नांव नाहीं.

ही स्थिति बदलण्यासाठीं भारतानें २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचें काम हातीं घेतलें. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू आणि तामिळ ग्रंथांतले पाठ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत उतरविण्यांत आले. आणि ते नुसते उतरवून न थांबतां, पेटंट वर्गीकरणाच्या नमुन्यावर त्यांचें स्वतंत्र वर्गीकरण रचण्यांत आलें. या खटपटीचा एक परिणाम असा झाला कीं, जागतिक वर्गीकरणांतच दुरुस्ती झाली. १ जानेवारी २००६ पासून अंमलांत आलेल्या आवृत्तींत 'ए ६१ के ३६' असा नवा गट आला, आणि एका जागेच्या ऐवजीं सुमारें २०० जागा झाल्या, त्याहि वनस्पतींच्या कुळांप्रमाणें. आतां आल्याच्या कुळांत हळदीला '३६/९०६६' ही जागा आहे, आणि आलें तिच्या शेजारींच, '३६/९०६८' या कप्प्यांत आहे. द्रव्याच्या या खुणेबरोबर रोगाचीहि निराळी खूण करावी लागते. जखमा भरणाऱ्या औषधांची खूण 'ए ६१ पी १७/०२' अशी आहे. एक खूण सांगते हळद, दुसरी सांगते जखम. आणि दोन्ही खुणा जेथें मिळतात, तेथें १९९५ सालचा तो प्रश्न उभा राहतो. २००९ सालापासून युरोपीय पेटंट कचेरीच्या परीक्षकांसाठीं हें भारतीय ग्रंथालयहि खुलें झालें.

वर्गीकरणाचा विषय रुक्ष वाटतो, कारण त्यांत कारकुनी दिसते आणि कारकुनीमागचा न्याय दिसत नाहीं. परंतु एखाद्या गरीब कारागिराचा खरोखर नवा शोध 'जुना' म्हणून नाकारला जाणार नाहीं, आणि साऱ्या समाजाची जुनी ठेव 'नवी' म्हणून कोणा एकाच्या पदरांत पडणार नाहीं, या दोन्ही गोष्टींची राखण तो कारकूनच करीत असतो. त्यानें आपल्या मनाशीं एवढेंच ठेवावें कीं, कप्पा हा वस्तूच्या मानासाठीं नसतो, तो शोधणाऱ्याच्या सोयीसाठीं असतो. शोधणारे जितक्या वाटांनीं येणार, तितक्या वाटांवर तिची खूण असावी. आणि ज्या वाटेनें कोणी येणार नाहीं, तेथें ती नसावी.

घरच्या गृहिणीला हें कोणीं शिकविलेलें नसतें. तिनें मिसळणाच्या डब्यांत हळद ठेवली, करंड्यांत ठेवली, आणि फडताळांतल्या पुडींतहि ठेवली. ती रात्रीं दिवा गेला असतां कोणाचा हात कोठें जाईल, याचा विचार करून. पेटंट कचेरीच्या ७०,००० कप्प्यांमागेंहि त्याच विचाराची अपेक्षा आहे.